आठ पपनसांचा दाखला

आजच्या समारंभाचे आणि आपल्या संस्थेचे माननीय अध्यक्ष, कर्जतहून वेळात वेळ काढून आलेले प्रमुख पाहुणे, संस्थेचे सचिव, मुख्याध्यापक सर, माझे सहकारी शिक्षक-शिक्षिका, समोर बसलेले पालक, माजी विद्यार्थी आणि मुलांनो. आणि ज्यांच्या निवृत्तीच्या निरोपासाठी आपण जमलो आहोत ते दशरथ निरगुडे, म्हणजे आपल्या सगळ्यांचे दशरथमामा, आणि त्यांच्या शेजारी संकोचून बसलेल्या जनामामी, सर्वांना माझा नमस्कार.

मला बोलायला पाच मिनिटं मिळाली आहेत. सोबत एक छापील कागदही मिळाला. त्यात ‘मनमिळाऊ’, ‘वक्तशीर’, ‘संस्थेचे निष्ठावान सेवक’ असे शब्द आहेत. शब्द खोटे नाहीत. पण मामांबद्दल मला जे सांगायचंय, ते त्या कागदावर नाही. म्हणून मी तो घडी घालून पर्समध्ये ठेवलाय. सचिवसाहेब, राग नसावा.

मी या शाळेत पाचवीत आले तेव्हा मामांना इथं शिपाई म्हणून लागून चार वर्षं झाली होती. कोंडाणे लेण्यांच्या बाजूची त्यांची ठाकूरवाडी. तिथून चालत येऊन सकाळी साडेसहाला शाळेचं कुलूप ते उघडत. विहिरीमागची जागा तेव्हा नुसता मुरूम होती. मामांनी लोधिवलीच्या येसाजी पाटलांच्या परसातून पपनसाच्या गुट्या आणल्या. गुटी म्हणजे झाडाला असलेल्याच फांदीची साल सोलून, तिथं ओलं शेवाळ बांधून तिला मुळं फोडायला लावायची, मग ती कापून जमिनीत लावायची. हे मला पुस्तकानं नंतर शिकवलं, मामांनी आधी. त्यांनी नऊ खड्डे पहारीनं खणले. शिपायाच्या कामाच्या यादीत ते काम कुठंच नव्हतं.

पाचव्या वर्षी फळं धरली. त्यानंतर गणपतीला या गावात पपनस बाजारातून आणावं लागलं नाही. शाळेतली पोरं घरोघर एकेक फळ घेऊन जायची. इथं बसलेल्यांपैकी किती जणांच्या गणपतीसमोर ते पपनस ठेवलं गेलं? हात वर करा म्हटलं तर व्यासपीठावरचेही हात वर होतील. झालेच पाहिजेत.

२०२० चं वादळ आठवतंय? शाळा बंद होती, त्यात पत्रे उडाले. आम्ही सगळे आपापलं छप्पर बघत होतो. दुसऱ्या दिवशी मामा आणि जनामामी इथं आले, तेव्हा दोन पपनसं आडवी झाली होती. एकाची मुळं तुटली होती, ते गेलं. दुसऱ्याच्या फांद्या मामांनी निम्म्या छाटल्या, दोर लावून दोघांनी ते उभं केलं आणि मुळांवर माती चढवली. जनामामींच्या तळव्यांना दोराचे वळ उठले होते. तिसऱ्या वर्षी त्या झाडाला पुन्हा फळं आली.

त्यानंतर एका झाडाच्या बुंध्यातून डिंक गळायला लागला. या रोगाला डिंक्या म्हणतात. तोवर मला इथं विज्ञान शिकवायला लागून बरीच वर्षं झाली होती. मी आठवीच्या वर्गाला घेऊन गेले. मामांनी चाकूनं कुजलेली साल खरवडली, मोरचूद आणि चुना कालवून वर लेप दिला. मुलांना म्हणाले, “याला दुखतंय, पन बरं व्हनार हाय.” सहा महिन्यांत जखम भरून आली. त्या बुंध्याचे फोटो माझ्या मोबाइलमध्ये आहेत. तारखेसकट आहेत.

आता मी मुद्द्यावर येते. मुख्याध्यापक सर, आपण घड्याळ दाखवताय ते मला दिसतंय. पाच मिनिटं झाली असतील. मामांनी एकतीस वर्षं शाळेच्या घड्याळाप्रमाणे घंटा दिली, त्यांच्यासाठी आणखी पाच मिनिटं द्या.

या एप्रिलमध्ये संस्थेनं ठरवलं की हे सभागृह लग्नाला द्यायचं आणि मागं गाड्या लावायला जागा करायची. ठरवायचा हक्क संस्थेचा आहे. पण निरोगी, फळं देणारी झाडं तोडायला ग्रामपंचायत सहज हो म्हणेना. म्हणून एक दाखला तयार झाला. ‘विहिरीमागील पपनसाची आठही झाडे डिंक्या रोगाने पोखरलेली असून ती विद्यार्थ्यांच्या अंगावर पडण्याचा धोका आहे.’ खाली सहीसाठी दोन जागा होत्या. एक विज्ञान शिक्षकाची, दुसरी साक्षीदार म्हणून शिपायाची.

विज्ञान शिक्षिका मीच. मी सही केली.

माझ्या वरिष्ठ वेतनश्रेणीची फाईल तेव्हा सचिवसाहेबांच्या टेबलावर होती. त्यांनी मला धमकी दिली नाही. फाईल फक्त माझ्या समोर सरकवली, तिच्याशेजारी दाखला ठेवला आणि पेनाचं टोपण काढून दिलं. हजेरीपटावर सही करायला लागतो त्याहूनही कमी वेळात मी सही केली.

मग मामांना बोलावलं. मी तिथंच उभी होते.

सचिवसाहेब म्हणाले, “दशरथ, इथं सही कर.”

मामांनी कागद हातात घेतला. सातवी शिकलेत ते. एकेक अक्षर वाचलं. मग म्हणाले, “सायेब, झाडं हिरवी हायत.”

“ते तुला काय कळतंय? मॅडमनी सही केलीय ना?”

“बाईंनी केली आसंल. मला नाय करता यायची. मी त्यांना रोज पानी घालतो.”

बस. एवढंच बोलले आणि कागद टेबलावर ठेवून पाण्याची टाकी भरायला गेले.

माझ्या एकटीच्या सहीवर ग्रामपंचायतीनं परवानगी दिली. मे महिन्यात, शाळेला सुट्टी असताना, एका रविवारी झाडं कापायची मशीन आणली. फांद्यांवर लिंबाएवढी हिरवी फळं होती. मामांना बोलावून दोर धरायला सांगितलं. त्यांनी दोर धरला नाही, विहिरीच्या कठड्याशी उभे राहिले. आठवं झाड पडेपर्यंत उभे होते. सोमवारी मी काही कामासाठी शाळेत आले तेव्हा ते खराट्यानं पानं आणि ती फळं गोळा करत होते. मी म्हटलं, “मामा, तुम्ही कशाला? ज्यांनी तोडली त्यांना उचलू दे.” ते म्हणाले, “झाडनं माजं काम हाय.”

त्याच आठवड्यात त्यांना मेमो मिळाला. वरिष्ठांच्या आदेशाचा अवमान. एकतीस वर्षांत पहिला, निवृत्तीला दीड महिना उरलेला असताना.

आणि आज? आज इथं मामांना शाल दिली. पाहुण्यांचं स्वागत कुंडीतलं रोप देऊन झालं. अध्यक्षमहाशय, आपण आपल्या भाषणात त्यांना ‘वृक्षप्रेमी’ म्हणालात. मी टाळ्या वाजवणाऱ्यांकडे बघत होते. ज्या माणसाची झाडं आपण कापली, त्यालाच त्या झाडांबद्दल शाबासकी द्यायची आणि त्यानं ती हात जोडून घ्यायची, ही कुठली रीत? मामा गरीब आहेत, वाडीवरचे आहेत, उलट बोलणार नाहीत, हे सगळ्यांनी धरूनच चाललंय. मीही तेच धरून चालले होते.

मामा, हातानं खुणावू नका. मी बसणार नाही.

त्या सोमवारनंतर तीन आठवडे मी त्यांच्याशी बोलायचं टाळलं. शेवटी एक दिवस मीच विचारलं, “मामा, तुम्ही मला एका शब्दानं बोलला नाहीत.” ते कप विसळत होते. म्हणाले, “सचिवसायबांना झाडातलं ठाऊक नव्हतं, बाई. तुमाला होतं.” आणि कप पालथे घालून निघून गेले. पाचवीपासून ते मला ‘नमू’ म्हणायचे. शिक्षिका झाले तेव्हापासून ‘बाई’ म्हणतात. त्या दिवशी तो शब्द मला ऐकवेना.

म्हणून आज सकाळी मी ग्रामपंचायतीत एक अर्ज दिलाय, आणि त्याची पोचही घेतलीय. त्यात तीनच वाक्यं आहेत. ‘आठही झाडे निरोगी होती. मी दिलेला दाखला खोटा आहे. तो मी जाणूनबुजून दिला.’ डिंक्या बरा झाल्याचे फोटो जोडलेत. एक प्रत अध्यक्षांना आत्ता देते. झाडं काही परत उभी राहणार नाहीत, ते मला कळतं. माझं काय व्हायचं ते होईल. मला मिळालेली श्रेणीही काढून घ्या.

पण अध्यक्षमहाशय, मामांचा मेमो मागं घ्या. उद्या नको, पत्रानं नको. ते अजून नोकरीत आहेत, माईक आपल्यासमोर आहे आणि ज्यांच्या घरी ती फळं गेली ते लोक समोर बसलेत. मामा खरं बोलले म्हणून त्यांना शिक्षा झाली, मी खोटं बोलले म्हणून मला श्रेणी मिळाली. हे असंच ठेवून कुणी त्यांच्या खांद्यावर शाल टाकू नये.

आपण सर्वांनी शांतपणे ऐकलंत, मामा-मामी उठून गेले नाहीत, याबद्दल मनापासून आभार मानते. माझ्या बोलण्यात कुठं मर्यादा सुटली असेल तर आपण मोठ्या मनानं पोटात घाला. माझ्या सहीत जे चुकलं, ते मात्र कुणी पोटात घालू नका.