दुसरं पाणी

अमळनेरजवळच्या त्या गावात १९८७च्या उन्हाळ्यात पोरं चाळीस आणि लसीचे डोस वीसच आले. पहिल्या सुईवाल्यांना आधी देते, दुसरीवाल्यांनी महिन्यानं यावं, असं शैला नर्सनं सांगताच रांगेत जुंपली.

"मन्हा नातूनी दुसरी सुई आजच शे!" भागाबाई कडाडली.

"भागाबाई, विहीर आटनी की तू काय करस? बठ्ठा वाफास्ले, एकबी न सोडता, एकेक पाणी देस ना?" रांगेतल्या ताईबाईनं विचारलं.

"देस. पण दुसरं पाणी चुकनं की मिरची उभी वाळस."

"मंग महिनानंतरनी सुई चुकू देऊ नको," ताईबाई म्हणाली.

भागाबाई नातवाला घेऊन मागे सरली.

"बाई, तारीख लिख," ती शैलाला म्हणाली.

शैलानं कार्ड उघडलं.

"कार्डवर नही. आम्हले ध्यानमा ऱ्हास. तू डोस लई येवाले भुलू नको, तुन्हा हातवर लिख."

शैलानं डावा तळवा उघडला.