घरच्या बाईची ओटी

मंडळी, ऐका. आज पुराणातलं आख्यान नाही. आज राजा नाही, राक्षस नाही, शाप देणारे ऋषीही नाहीत. आज माझंच आख्यान सांगतो. पण आधी एका प्रश्नाचं उत्तर द्या — माणसानं अभिमान धरावा, की सोडावा?

बोला की!

मागून आवाज आला — 'सोडावा.' कोण? नामदेवतात्या? अहो तात्या, परवाच तुम्ही नव्या ट्रॅक्टरला पाच हार घालून गावभर मिरवलात! बसा, बसा. चिडवत नाही. मीसुद्धा तीस वर्षं असाच उभा राहून सांगत आलोय — अभिमान सोडा. आता वाटतं, प्रश्नच अर्धा विचारत होतो. अभिमान कशाचा, ते कुठं विचारलं?

तर झालं असं. भुवनेश्वरच्या मराठी मंडळानं कीर्तनाला बोलावलं. विमानाची तिकिटं पाठवली — माझं आणि आमच्या यमुनाबाईंचं. गोविंदराव, तुम्ही मृदंग घेऊन दोन दिवस आधी रेल्वेनं गेलात, आठवतं ना? हसू नका, वाजवायचं लक्ष ठेवा.

पहिलं विमान! नवं धोतर, इस्त्रीचा अंगरखा, रेशीमकाठी उपरणं. अन् यमुनाबाई? रोजचंच नऊवारी, अन् काखेत कापडी पिशवी. मी म्हटलं, "अगं, निदान पिशवी तरी बरी घे." तर म्हणाली, "मंडळाच्या अध्यक्षांनी नवं घर बांधलंय. नव्या घरात रिकाम्या हातानं जायचं का? ओटीचं सामान घेतलंय. नारळ तेवढा तिकडं घेऊ."

हैदराबादला उतरलो. पुढच्या विमानाला सहा तास. करायचं काय? कुणीतरी सांगितलं, विमानतळाजवळ नवा मॉल झालाय, आठच दिवस झाले उघडून. मी म्हटलं, चला, बघून येऊ.

मंडळी, काय सांगू! काचेचं दार आपोआप उघडतंय. खाली फरशी अशी, की आपलं धोतर आपल्यालाच उलटं दिसतंय. दाराला उद्घाटनाच्या झेंडूच्या माळा अजून तशाच. अत्तराच्या दुकानातून वास येतोय. मी छाती काढून आत शिरलो. अन् मागं बघतो तर यमुनाबाई दारातच उभ्या!

"काय झालं?"

"अहो, माळा बघा की. नवी वास्तू आहे."

"मग?"

"मग या घरची बाई कोण, ते विचारा ना कुणाला तरी."

आता मॉलला घरची बाई कुठून आणू मी? सांगा! दुकानं दोनशे, मालक कुठल्या देशात बसलाय कुणास ठाऊक. मी म्हटलं, "इथं तसलं काही नसतं. चल गुपचूप." आणि खरं सांगतो, मंडळी, मी चार पावलं पुढं चालायला लागलो. लाज वाटली मला. तिच्या पिशवीची, तिच्या नऊवारीची, तिच्या मोठ्यानं बोलण्याची.

सरकत्या जिन्यापाशी मी उभा. चढायचं कसं, पाय कुठला आधी टाकायचा, हा विचार चाललाय! तेवढ्यात मागून, "बुवा! तुम्ही इथं?" बघतो तर मराठी जोडपं. सरपोतदार म्हणून इंजिनियर आणि त्यांच्या पत्नी. माझी कीर्तनं मोबाईलवर ऐकतात म्हणे. बाई तिथंच वाकून पाया पडल्या. चार लोक वळून बघायला लागले. आता विचारा मला, किती वर गेलो असेन मी! जिन्याशिवायच वरच्या मजल्यावर पोहोचलो होतो.

फोटो चाललेत. तेवढ्यात सरपोतदारबाई कारंज्याकडं बघून म्हणाल्या, "ते काय चाललंय हो?"

कारंज्याच्या कडेला, त्या चकचकीत फरशीवर, आमच्या यमुनाबाई मांडी घालून बसलेल्या. समोर फरशी पुसणारी एक बाई. निळ्या साडीचा गणवेश, बाजूला बादली. देगलूरकडची निघाली ती, नरसाबाई नाव. यमुनाबाईंनी पिशवीतून खण काढलेला, तांदूळ काढलेले, हळकुंड, सुपारी, गुळाचा खडा. आणि नरसाबाई हात मागं घेत होती.

"नगं माय. मला मालक न्हाई. जाऊन दोन वरसं झाली. माझी वटी कशी भरता?"

यमुनाबाई म्हणाल्या, "हे घर रोज पुसून कोण ठेवतं? तूच ना? मग घरची बाई तूच. वास्तू नवी आहे, पदर पुढं कर."

ऐकलंत? काय बोलली ती, ऐकलंत ना? मी तीस वर्षं तुम्हाला सांगतोय, देव सगळ्यांत आहे. आमच्या हिनं एकदाही सांगितलं नाही. हिनं ओटी भरली.

पण हे सुचलं नंतर. तेव्हा काय झालं? सरपोतदारांनी सहज विचारलं, "बुवा, त्या तुमच्याबरोबर आहेत का?"

आणि मी म्हणालो, "नाही."

गोविंदराव, टाळ थांबवायला सांगा जरा.

नाही म्हणालो मी. एकोणतीस वर्षांच्या संसाराला. माझ्या कीर्तनाच्या पोथ्या जिनं उन्हाळ्यात वाळवल्या, माझा आवाज बसला की जिनं ज्येष्ठमधाचा काढा केला, तिला. अन् वर पुस्ती जोडली — "असतील कुणी यात्रेला निघालेल्या." दहा हातांवर बसली होती ती. कान तिचे शाबूत आहेत.

तेवढ्यात सुपरवायझर आला. नरसाबाईवर खेकसला, "कामाच्या वेळी बसतेस? चल वर, साहेबांकडं." ती बिचारी उठली, तर पदरातले तांदूळ सांडले. सगळीकडं! नोकरी जाते की काय, म्हणून घाईघाईनं बादली उचलायला लागली. यमुनाबाई म्हणाल्या, "तिला मी बसवलं. तिची चूक नाही." त्यानं विचारलं, "तुम्ही कोण? कुणाबरोबर आलात?"

तिनं एकदाच माझ्याकडं बघितलं. रागानं नाही हो. रागानं बघितलं असतं तर बरं झालं असतं. बघितलं, नजर वळवली, आणि म्हणाली —

"एकटीच आले."

माझी लाज राखली तिनं! भरल्या बाजारात मी तिला नाही म्हणालो, आणि ती मला सांभाळत होती.

मंडळी, मग मला राहवलं नाही. सरपोतदारांचा हात सोडला, गेलो, आणि धोतर सावरून त्या फरशीवर बसलो. तांदळाचा एकेक दाणा वेचायला लागलो. सुपरवायझर बघतच राहिला. मी म्हणालो, "ही माझी बायको. यमुनाबाई. यांनी आज तुमची वास्तू पुजली. आणि ही नरसाबाई, तुमच्या घरची लक्ष्मी. कुणाला बोलायचं असेल तर मला बोला." असा ओरडलो, की वरच्या मजल्यावरचे लोक कठड्याशी आले. आजवर इतक्या मांडवांत उभा राहिलो, पण इतका ताठ कधी उभा राहिलो नव्हतो, जितका त्या दिवशी खाली बसून होतो!

सुपरवायझर वरमला. म्हणाला, "बाबाजी, लवकर आवरा," आणि गेला. सरपोतदारबाईंनी स्वतःच्या हातानं नरसाबाईचा पदर धरला, यमुनाबाईंनी ओटी पुन्हा भरली. आणि आमच्या या माउलीनं मला काय म्हणावं? "अहो, एवढं ओरडायचं कशाला? कीर्तन आहे का?"

तेव्हापासून मला अभिमान आहे. मोठा आहे, आणि तो मी सोडणार नाही. कुठल्याही शास्त्राला विचारा, सोडणार नाही.

आता तुमच्याकडं वळतो. सुटलात असं समजू नका, तात्या! या मांडवात आज किती जणांनी आपल्या माणसाची शेजारच्याला ओळख करून दिली? नवऱ्यांनी बायकोची? सुशिक्षित लेकांनी धोतरातल्या बापाची? हात वर करा.

बघा. एकही नाही. विणेकरी, तुम्हीसुद्धा नाही?

मग आत्ता उठा. तिचं नाव घ्या, त्याचं नाव घ्या, सगळ्यांना ऐकू जाईल असं घ्या. देवाचं नाव आपण त्यानंतर घेऊ. मी थांबलोय.