म्हातारीचा आवाज

मोठ्या बाई : कॉम्प्युटर बंद करा, खोलीची किल्ली द्या आणि मोकळ्या व्हा. तुम्हीही दमलात, मीही दमलेय.

बाई : देते. पण एकदा ऐकून तरी घ्या.

मोठ्या बाई : दिवसभर ऐकतेच आहे. एक पालक म्हणाले, "घरी आम्ही मोबाईल हिसकावून घेतो आणि शाळेत तुम्हीच गेम खेळायला देता?" काय उत्तर देऊ? गेममधून मुलं वाचायला शिकतायत, असं मी आज बघायला आलेल्या पालकांना छातीठोकपणे सांगितलं होतं. आणि झालं काय? पडद्यावरची म्हातारी पोपटासारखी बोलतेय, मुलं खटाखट बटणं दाबतायत. वाचलं कुणी? एकानेही नाही. मान खाली गेली माझी.

बाई : आवाज चालू होता ना, मोठ्या बाई. म्हणून.

मोठ्या बाई : चालू होता कारण मी मेकॅनिकच्या मागे लागून सकाळीच स्पीकर दुरुस्त करून घेतला. पालकांसमोर मुका गेम कसा दाखवायचा?

बाई : तो बिघडला नव्हता. तार मीच काढून ठेवली होती.

मोठ्या बाई : तुम्ही? कशाला?

बाई : आवाज असला की वाचतंय कोण! पूल कसा ओलांडायचा ते म्हातारी सांगते. आवाज नसला की तिचं बोलणं पडद्यावर नुसतं लिहिलेलं दिसतं. न वाचता पुढे गेलात, तर धपकन नदीत. दोन-चारदा बुडाली, की मुकाट्याने वाचतात.

मोठ्या बाई : अहो, मग हे आधी सांगायला काय झालं होतं?

बाई : कधी सांगणार? तुम्ही सतत फोनवर, मी सतत वर्गात. आज मी आले तोवर पालक बसलेले, आणि तुम्ही एवढ्या कौतुकाने स्पीकरपाशी उभ्या. बोलायचा जीवच झाला नाही.

मोठ्या बाई : म्हणजे घोळ मीच घातला.

बाई : दोघींनी मिळून घातला.

मोठ्या बाई : आता उपयोग नाही. उद्यापासून हा तास बंद, असा शब्द देऊन बसलेय मी. पाय नुसते भरून आलेत... दारात कोण आहे?

बाई : आपली म्हातारी. आई न्यायला यायचीय तिची, कामावरून.

मोठ्या बाई : एवढीशी पोर, आणि म्हातारी?

बाई : मुलांनी ठेवलेलं नाव. गेममधल्या म्हातारीची वाक्यं हीच वाचते, सगळ्यांसाठी, मोठ्याने. नाहीतर आधी पुस्तक समोर धरलं की हिच्या पोटात दुखायचं.

मोठ्या बाई : इकडे ये गं. सगळ्यांसमोर आज का नाही वाचलंस?

मुलगी : ती स्वतःच बोलत होती.

मोठ्या बाई : मग तू काय केलंस?

मुलगी : काही नाही. बसले. आई आली होती ना बघायला. मी तिला सांगितलं होतं, म्हातारी मीच आहे म्हणून.

मोठ्या बाई : मग? आई काय म्हणाली?

मुलगी : म्हणाली, खोटं कशाला बोललीस?

बाई : अगं, मला सांगायचंस ना!

मुलगी : तुम्ही पण गप्पच होतात.

(बाहेर झाडूचा आवाज.)

मोठ्या बाई : बाई, कुठली तार?

बाई : ती मागची, काळी. थांबा, मी काढते.

मोठ्या बाई : राहू द्या. मी जोडून घेतलीय, मीच काढते. हं. आता बस गं इथे. कर सुरू.

मुलगी : खरंच वाचू? तुम्हाला घरी जायचंय ना?

मोठ्या बाई : जाईन. तू वाच.

मुलगी : "पोरांनो... पाणी खो... खोल आहे. घाई... करू नका. उज... उजवीकडची फळी..."

बाई : मोठ्या बाई, आई आलीय हिची. दाराशी उभी आहे. आणि ही घ्या किल्ली...

मोठ्या बाई : किल्लीचं उद्या बघू. त्यांना आत बोलवा, खुर्ची द्या. आणि बोलू नका कुणी. तिचं वाक्य पुरं होऊ दे.