किट्टूच्या वहाणेची वादी

मंडळी, वहिनी, व्याहीबुवा, आणि ते दारात दाटीनं उभे आहेत ते सगळे.

आत या हो. दार अडलं की वारा अडतो, आणि मला वारा लागतो. ही खुर्ची कुणी ठेवली? राहू दे. बसलो की मला बोलता येत नाही, आणि उभा राहिलो की धाप लागते, म्हणजे दोन्हीकडून मरण. तरी उभ्यानंच बोलतो. या भजनमठात मी इतकी वर्षं गायलो, पण बोलायला उभा राहिलो नव्हतो. आज जीभ वळत नाही. सांभाळून घ्या.

किट्टू गेला. दुकानाच्या पाटीवर कृष्णाजीराव, समया नि पितळी भांडी विकणारे. साऱ्या कुंभकोणात मात्र किट्टू. साधा ताप म्हणता म्हणता विषमज्वर निघाला आणि घेऊन गेला. कालच तेरावं झालं.

माझ्या आधी तिघे बोलले. छान बोलले. तिघेही म्हणाले, किट्टूराव हृदयविकाराशी झुंजला, मोठ्या धीरानं झुंजला. आणि तिघांनी माझीही स्तुती केली. मित्रासाठी व्यंकोबरावानं मीठ सोडलं, कॉफी सोडली, पान सोडलं. आमचे व्याहीबुवा तर म्हणाले, असा मित्र मिळायला पुण्य लागतं. तुम्ही बोलत होतात आणि मी तिथं खांबाशी चुळबुळत होतो. हा वाती वळल्यासारखा उपरण्याचा काठ वळत होतो. तुम्हाला वाटलं, दुःख. दुःख होतंच. पण नुसतं दुःख नव्हतं.

ऐका. किट्टूच्या छातीत काही नव्हतं.

विकार माझ्या छातीत आहे. पहिल्यापासून माझ्याच.

कुजबुजू नका. मला सलग बोलू द्या, नाहीतर दम पुरायचा नाही.

मी शिकवतो त्या शाळेचा जिना चढताना मला पहिल्यांदा कळ आली. इथं, छातीच्या मधोमध, आणि डाव्या हातातून खाली. पायरीवरच बसलो. किट्टू शाळेची घंटा दुरुस्त करून द्यायला आला होता. त्यानं मला घोड्याच्या जटक्यात घातलं आणि डॉक्टरकडे नेलं. डॉक्टर तरुण, मद्रासला शिकून आलेला. त्यानं नळी लावली, पुन्हा लावली, आणि मग फर्मान काढलं. आधी अंथरुणात पडून राहा. उठल्यावर मीठ बंद. तळलेलं बंद. कॉफी बंद. पान-तंबाखू बंद. जिने बंद, मुलांवर ओरडणं बंद. सपाटीवर हळूहळू चाला, दम लागला की थांबा. किट्टू म्हणाला, "अय्यो, मग उरलं काय, डॉक्टर?" डॉक्टर म्हणाला, "आयुष्य उरलं. हवं असेल तर."

शाळेत मी कावीळ झाली म्हणून सांगितलं. का? माझ्या सुगुणाच्या लग्नाचं बोलणं चाललं होतं. इथं आपल्या मराठी लोकांची घरं ती किती! तंजावर, कुंभकोणम्, इकडे तिकडे चार गावं. एका घरी शिंक आली तर दुसऱ्या घरी विचारतात, बरं आहे ना? बापाचं काळीज अधू म्हटलं की मुलीच्या पत्रिकेत आणखी एक ग्रह बसतो.

निश्चयाची पंगत आठवते, व्याहीबुवा? तुम्ही माझ्या उजव्या हाताला होतात. आपल्यात पानाच्या कोपऱ्यावर आधी मीठ पडतं, मग पान सुरू होतं. मी त्या मिठावर पानाचा कोपरा दुमडला. सांबार नको म्हटलं. लोणचं नको म्हटलं. तुम्ही हात थांबवलात आणि माझ्याकडे पाहिलंत. मला घाम फुटला. तोंड उघडणार, तोच डावीकडून किट्टूचा आवाज आला. लग्नघरात वाजंत्री वाजावी तसा. "माझ्यापायी हो, व्याहीबुवा! डॉक्टरानं माझं काळीज अधू म्हणून मीठ तोडलं. आणि ह्या वेड्यानं विठोबापुढं हात जोडून सांगितलं, किट्टू मीठ खाईना तोवर म्याही खाईना!" पंक्तीत सगळे 'वा वा' म्हणाले. तुमचे डोळे भरून आले. लग्न ठरलं.

मी त्याला सांगितलं नव्हतं असं बोलायला. विचारलंही नव्हतं. परत येताना मी त्याच्यावर इतका चिडलो! म्हटलं, अरे, माझं दुखणं माझं आहे, तू कोण घेणारा? तर हा म्हणतो, "राहू दे रे माझ्याकडं. माझ्या मुलींची लग्नं झालीं आहेत."

आता मला वाटलं, चार दिवसांचं नाटक आहे. पंक्तीपुरतं करेल आणि घरी जाऊन खाईल. तुम्ही किट्टूला ओळखता. कॉफीची धार डबऱ्यातून टंबलराच्या पेल्यात हातभर उंचावरून ओतायचा आणि थेंब सांडायचा नाही. भर उन्हात दुकान टाकून तव्यावरची गरम अडै खायला जायचा. म्हटलं, घरी खा ना, कोण बघतंय? म्हणाला, "मला खोटं फार वेळ धरवत नाहीं, व्यंकू. हात अवघडतो. त्यापेक्षां खरंच करून टाकलं कीं धरायला नको."

आणि त्यानं खरंच करून टाकलं. माझ्यापेक्षा जास्त खरं.

मंडळी, मीठ सोडणं म्हणजे काय ते सांगू? आपल्या शेजारची तमिळ माणसं म्हणतात ना, अळणी पदार्थाची जागा उकिरड्यावर. पहिले काही महिने भात तोंडात फिरायचा, पण खाली उतरायचा नाही. मी रडलो आहे पानावर बसून. किट्टू समोर बसून तोच भात खायचा आणि शिव्या द्यायचा. भाताला, डॉक्टरला, मला. पण खायचा. मग या वहिनींनी मार्ग काढला. लिंबू, मिरी, आलं, आंबट ताक, वर कढीपत्ता चुरडून. आमच्या घरीही शिकवून गेल्या. हळूहळू जीभ वळली. आता वांग्याला वांग्याची चव असते हे मला कळतं. तुम्हाला कळत नाही, तुम्हाला मिठाची कळते.

मी काही साधू नाही. मरुदानल्लूरच्या उत्सवात मी खांबाआड जाऊन नारत्तंगाईचं लोणचं खाल्लं. चांगल्या दोन फोडी, बोटं चाटून. दोन दिवसांनी घोटे सुजले. किट्टूनं ते पाहिले. खाली बसला, माझ्या नडगीवर अंगठा दाबला, उचलला. खड्डा तसाच राहिला. म्हणाला, "हा पाहा. खांबाआड खाल्लंस तें लोणचं कोठें गेलं? येथें आहे." पुन्हा मी लोणच्याकडे गेलो नाही. गेलो असतो. तो शेजारी असायचा म्हणून गेलो नाही.

आणि ते चालणं! महामहमच्या तळ्याभोवती सकाळी आम्हाला फिरताना सगळ्यांनी पाहिलं आहे. किट्टूचं चालणं तुम्हाला ठाऊक आहे. वारं सुटल्यासारखा चालायचा. तो माझ्याबरोबर मुंगीच्या पावलानं चालायचा. काठावरचा मंडप आला की त्याच्या वहाणेची वादी तुटायची. खाली बसायचा, वादीशी खटपट करायचा, माझा श्वास जागेवर आला की उठायचा. पुढच्या मंडपाशी पुन्हा वादी. एक दिवस मी चांभाराकडून नवीन वहाणा करवून त्याला दिल्या, चिडून. दुसऱ्या दिवशी पहिल्याच मंडपाशी नव्याही तुटल्या. कधी एकदाही म्हणाला नाही की व्यंकू, थांब, तुला धाप लागली. लोक बघायचे आणि म्हणायचे, बिचारा किट्टूराव, फार दमतो हल्ली.

माणसं खाल्ल्या मिठाला जागतात. हा माझ्या न खाल्लेल्या मिठाला जागला.

मला त्याचा राग येतो. खरंच सांगतो. धडधाकट माणूस. तापात नाडी बघून तोच डॉक्टर म्हणाला, काळीज बैलासारखं आहे, निभावेल. नाही निभावलं. आणि हे माझं गळकं भांडं अजून चालू आहे. हा कुठला हिशेब? कुणाला विचारू? विठोबाला विचारतो तर तो कमरेवर हात ठेवून उभा.

आता काल काय झालं ते. तुम्हा पुष्कळांच्या समोरच झालं. तेराव्याची पंगत होती. वडीलधाऱ्यांनी आपसात ठरवलं की किट्टूराव गेला, आता व्यंकोबरावाचं व्रत पुरं झालं, त्याचं पारणं रीतसर झालं पाहिजे. माझ्यासाठी वेगळं पान मांडलं. भोवती रांगोळी. मिठाचं ढेकूळ, लोणचं, मुरलेलं सांबार, तळलेले अप्पळम् पापड, चांदीच्या टंबलरात कॉफी. मोठ्या मायेनं हो! एक वृद्ध गृहस्थ माझी पाठ थोपटून म्हणाले, "पुरे झाले हाल. जेव आतां पोटभर." डोळ्यांत पाणी होतं त्यांच्या. माझं पारणं म्हणजे माझं मरण, हे त्या मायेला कसं सांगायचं? माझा हात पानाकडे गेला. गेला, मंडळी. वास येत होता.

तेवढ्यात वहिनी स्वयंपाकघरातून आल्या. तेराव्या दिवशी, साऱ्या पुरुषांच्या पंक्तीत, सरळ माझ्या पानाशी. मिठावर हात ठेवला आणि म्हणाल्या, "यांना नको." तुम्ही समजलात, शोकानं भान नाही. त्या वाकून माझ्या कानाशी काय म्हणाल्या ते तुम्ही ऐकलं नाही. म्हणाल्या, "भावोजी, त्यांनी मला पहिल्याच दिवशीं सांगितलं होतं. आतां तुम्हीं सांगा. म्यां किती पानांवर हात धरूं?"

म्हणून मी इथं उभा आहे. मला कौतुक परत करायचं आहे. ते माझं नाही. घ्या, आणि ज्याचं त्याला द्या.

व्याहीबुवा, इकडे बघा. मान खाली घालू नका. राग आला असेल तर माझ्यावर काढा. या मठाच्या दारात उभा करून बोला. सुगुणेला बोलू नका, तिला आत्ता, या घडीला कळतं आहे. ती बघा, बायकांत बसून रडते आहे. पोरी, रडू नकोस, तुझा बाप उभा आहे ना अजून?

आणि तुम्हा सगळ्यांना हात जोडून मागणं आहे. आपला आग्रह मोठा. पानावर आडवा हात धरला तरी बोटांच्या फटीतून वाढतो आपण. 'पोदुम्, पोदुम्', पुरे पुरे म्हणणाऱ्याला आणखी दोन घालतो. मला वाढू नका. एकदा चालेल म्हणू नका. आज सणाचं म्हणू नका. मागं कॉफी उकळते आहे, केव्हापासून वास येतो आहे आणि मला ती हवी आहे. आत्ता हवी आहे. उद्याही हवी असेल. इतकी वर्षं झाली तरी ही ओढ जात नाही. डॉक्टर सांगतो एकदा, पण सोडावं लागतं रोज. रोज शेजारी किट्टू असायचा. उद्या सकाळी तळ्यावर मी एकटा जाणार, आणि मला भीती वाटते. मरणाचीच वाटते, दुसरी कसली वाटणार? जगायचं आहे मला. तो इतकं अळणी जेवला ते काय मी आता लोणचं खाऊन मरावं म्हणून?

झालं. दम संपला.

आता शांत उभं राहायची रीत आहे. उठा सगळे. घड्याळ बघू नका, ते खिशात घाला. मला धाप लागली आहे ती तुम्हाला दिसतेच आहे, आता लपवायची कुणापासून? माझा श्वास जागेवर येईपर्यंत कुणी काही बोलू नका. कुणी मला थांबा म्हणू नका, कुणी पाणी आणू नका.

किट्टूच्या वहाणेची वादी तुटली आहे. तो खाली बसला आहे. उठेल आता. तोवर थांबू या.