ताटाचा व्हिडिओ

खाणावळीबाहेरच्या रांगेत माझ्यापुढे समोरच्या दुकानातले घड्याळवाले काका होते. शेजारी एक मुलगी सगळ्यांची नावं लिहून घेत होती.

“वीस वर्षं जेवतोय इथे. कधी रांग म्हणून लावली नाही!”

“मोबाइलवर व्हिडिओ आलाय ना काका. तो बघून आलेत सगळे,” ती मुलगी लिहिता लिहिता म्हणाली.

“जेवायला, की ताटाचे फोटो काढायला? हा उद्योग ज्याने केलाय ना, त्याचा कान पिळला पाहिजे.”

“मीच केलाय.”

“तू? काय अडलं होतं तुझं?”

“आईचं अडलं होतं. तुम्ही धरून चार माणसं यायची. खाणावळ बंद करायला निघाली होती ती.”

“आणि मला सांगितलं नाहीत? मी काय परका?”

“सांगून काय केलं असतं तुम्ही?”

“दोन्ही वेळा जेवायला आलो असतो!”