तिकिटं सगळी माझ्याकडं

न्हाई न्हाई, बसा हो भैरवनाथराव. आधी पाणी प्या, मग लग्न मोडा. कळंबहून इथं निरगुडसरला भर उन्हाचं आलाय, मोडायला काय वेळ लागतो व्हय — जुळवायला लागतो. घ्या तांब्या. हां, आता बोला — न्हाई, नकाच बोलू, मला ठावं हाय काय निरोप हाय तो. तुमची भावजय, आमची व्हणारी विहीणबाई लंकाबाई, म्हणती — ज्या म्हाताऱ्यानं मला जमिनीच्या पोटात कोंडून ठेवलं, त्याची नात मी सून करून घ्यायची न्हाई. असंच ना? शब्दाला शब्द? बघा, तुमच्या घरातलं मला सगळं कळतं. कसं कळतं ते सोडा.

तुमी बस्त्याला आला न्हवता, मेंढरांपाशी राहिला, म्हणून एकाच बाजूचं ऐकलंत. आता या जानकूचं ऐका. लग्नाची कापडं घ्यायला दोनी घरची माणसं लक्ष्मी रोडला निघालो. पुण्यात गाडी घातली की सगळा दिस सिग्नललाच जातो, म्हणून तुमचा पुतण्या गोरक्ष म्हणला, जीप नाशिक फाट्याला लावू अन् मेट्रोनं मंडईला उतरू. नवरदेवच म्हणतोय, आपण कशाला न्हाई म्हणायचं? तिथं माणशी एक कागद देत्यात, त्याच्यावर काळ्या ठिपक्यांचा चौकोन. अन् खिडकीतली पोरगी सांगती — ज्याचं तिकीट त्यानं संभाळायचं, आत जाताना दाखवायचं, बाहेर पडताना परत दाखवायचं, न्हाई दाखवलं तर दार उघडत न्हाई. मी म्हणलं, द्या सगळी माझ्याकडं. अहो, मुलीकडचा मोठा माणूस मी, पावण्यांनी तिकिटं धरून हिंडायचं व्हय? बरं दिसतं का ते?

अन् दारात तरी मी काय वेगळं केलं? सांजच्याला मेंढरं जाळीच्या आत घेताना आपण काय करतो — तोंडाशी उभं राहायचं, एकेक सोडायचं, मोजायचं, सगळ्यात शेवटी आपण. तुमीबी तसंच करता. तसंच केलं मी. एक कागद दाखवला, दार उघडलं, एक माणूस आत. दुसरा कागद, दुसरा माणूस. लंकाबाईंची पाळी आली, त्या जरा थबकल्या, अन् माझ्या तोंडातनं निघून गेलं — हुर्र. मुद्दाम न्हाई हो. साठ वर्षांची जिभेची सवय, ती काय विहीण बघती का? पण त्यांचं तोंड जे तिथं वाकडं झालं, ते झालंच. लोक मागं हसत व्हते, त्याला मी काय करू?

गाडी आधी वरनं जाती, झाडाच्या शेंड्यांवरनं, अन् शिवाजीनगर आलं की जमिनीत घुसती. थंडगार. गोरक्ष एका बाजूला, आमची नात आशा दुसऱ्या बाजूला, अन् मधी लंकाबाई. आशा गोरक्षला काय विचाराय गेली की उत्तर लंकाबाई देणार. तुमाला चहा आवडतो का कॉफी, असं पोरीनं विचारलं — तर म्हणती, त्याला चहाच आवडतो. पोरगं नुसती मान डोलवतंय. जुळवाजुळव झाल्यापास्नं हेच चाललंय, भैरवनाथराव. फोन केला तरी आईच उचलती. तुमी त्या घरात राहता, तुमाला म्या काय सांगायचं.

तर मंडई आली. दारं उघडली. मी आपला बाजूला झालो — चला, उतरा, तुमी आधी, तुमी आधी. सगळी उतरली, मोजून घेतली, अन् आता मी पाय उचलणार तेवढ्यात दारं लागली. गाडी निघाली. मी आत, माणसं बाहेर, अन् तिकिटं सगळी माझ्या कोपरीच्या खिशात. आता तिकीट न्हाई तर वरचं दार उघडंना. तिथला गडी बिचारा म्हणत व्हता म्हणं, मावशी, वर कचेरीत सांगा, दुसरी तिकिटं घ्या अन् जा बाहेर. लंकाबाई म्हणल्या, आमी तिकीट काढलेली माणसं हाय, परत काढायची न्हाई, म्हातारा येईस्तोवर इथनं हलायची न्हाई. अन् जिन्याच्या डोक्यावर मांडी घालून बसल्या. त्या तशाच बसणार हे मला — म्हंजी कुणालाबी वाटलं असतं.

फोन? फोन वाजत व्हता की सारखा. म्हंजी, वाजत असंल. जमिनीखाली ऐकू येतंय व्हय. मी गेलो स्वारगेटपतुर, तिथं रूळच संपतो, तिथनं पलीकडच्या गाडीनं मागं आलो. एवढंच. उशीर का झाला? झाला उशीर. स्वारगेटचं बाकडं बरं व्हतं. गाडी आली, तिला म्हणलं जा. दुसरी आली — अहो, असं बघू नका. तुमच्या त्या डोळ्यांनी मेंढराच्या पोटातलं कोकरूबी कबूल व्हईल.

बरं, ऐका मग. बस्त्याच्या आदल्या सांजंला आशा भांडी घासत व्हती. मंचरच्या दवाखान्यात नर्स हाय ती, तुमाला ठावं हाय. मेंढरं विकून शिकवली मी तिला, अन् ती शिकली. लंकाबाईंनी सांगून टाकलं व्हतं, लग्न झालं की नोकरी बंद. पोरगी रडंना, भांडंना, एकच ताट घासत बसली. मग म्हणली, "आजा, मला त्याला एकच गोष्ट विचारायचीय, अन् त्याच्याच तोंडनं ऐकायचीय. तो न्हाई म्हणला तर मी उभी राहणार न्हाई बोहल्यावर." माझा जीव तुटला हो. आता सांगा, जिथं आई हाय तिथं ते पोरगं बोलणार कवा?

पण मी न्हाई त्यांना एकत्र बसवलं हां. ते लंकाबाईंनी केलं. त्याच तावात म्हणल्या — गोरक्ष, जा खाली, बघ म्हातारा येतोय का, अन् आशे, तूबी जा, तुझा आजा तुला वळखू येईल. मी परत आलो तर दोघं बाकड्यावर, मधी पिशवी, अन् आशा हसत व्हती. इतक्या दिसांनी हसत व्हती. मला वाटलं तसंच पुढं निघून जावं, नाशिक फाट्यापतुर.

काय म्हणला तो? म्हणला, "मी दूध घेऊन रोज सकाळी मंचरलाच जातो. तुला दवाखान्याच्या दारात सोडीन. आईला मी सांगीन." सांगीन म्हणला. अजून सांगितलं न्हाई. भितंय. अन् तंवर लंकाबाईंनी तुमाला धाडलं मोडायला. आता कळलं, मोडायचं कारण मी हाय का आणखी काय हाय?

हसताय व्हय? हसा. तुमी हसला म्हंजी माझं निम्मं काम झालं. — तिकडं काय बघताय, परसात? दुधाची गाडी हाय ती. आमचीच समजा. म्हैस? न्हाई, म्हैस न्हाई आमच्याकडं. गायबी न्हाई. बरोबर हाय तुमचं, मेंढरांच्या दारात एवढे दुधाचे कॅन कशाला... बरं. गोरक्ष, ये बाहेर. चुलत्यानं वळखली गाडी. चहा तसाच आण, सांडू नको.

ऐक पोरा, चुलता तुला न्यायला आलाय असं समज. घरी जायचं, आईच्या समोर बसायचं अन् आशाला जे सांगितलंस तेच सांगायचं. मी न्हाई येणार. भैरवनाथराव, तुमीबी बोलायचं न्हाई, नुसतं शेजारी बसायचं. त्या म्हणतील म्हाताऱ्यानं शिकवलं, तर म्हणू द्या. अन् पोरा, तुझ्यासाठी मी किती बोलू? तुझं तिकीट आता तुझ्याजवळ हाय, माझा खिसा रिकामा हाय.

उठा. ऊन उतरलंय. गोरक्ष, आधी तू. मग चुलता. कवाड मी धरतो. चला, चला — हुर्र.