वायरिंग शाबूत आहे

शनिवार पेठेतल्या इलेक्ट्रिकच्या दुकानात शेफालीला नुसता एक बल्ब हवा होता, पण पुढच्या दोन म्हाताऱ्यांचं बोलणं संपेना.

“आगाशे, वहिनी गेल्याचं परवा कळलं. फ्रिजचा शॉक बसला ना?”

“हो.”

“घरात ईएलसीबी नव्हता?”

“होता. सारखा ट्रिप व्हायचा, घरभर अंधार. वैतागून मीच काढायला लावला. एमसीबी होता की!”

“अहो, एमसीबी वायरिंग वाचवतो. शॉकपासून माणसाला ईएलसीबी वाचवतो.”

“वायरिंग शाबूत आहे.”

“वहिनी आधी काही बोलल्या नव्हत्या?”

“फ्रिज उघडताना हाताला झिणझिण्या येतात म्हणायची. म्हटलं, चपला घालून उघड.”

“मग?”

“स्वयंपाकघरात देव्हारा आहे. तिथं चपला घालेल का ती?”

“आणि ईएलसीबी ट्रिप झाला, की स्टुलावर चढून चालू कोण करायचं? तुम्ही?”

“छे. तीच.”